काहीच झालं नाही

मागच्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका डोंगरी वळणावर, पाऊस पडत असताना, मी मुद्दाम ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. हळूच नाही, झटकन. गाडी एका दिवसासाठी भाड्यानं घेतलेली, नव्या पिढीची पोर्शे ९११. मागेपुढे कोणी नव्हतं, वेगही बेताचाच होता, तरी पाय उचलण्याआधी पोटात गोळा आला होता आणि बोटं स्टीअरिंगवर घट्ट आवळली गेली होती. आणि काहीच झालं नाही. नाक जरासं खाली झुकलं, गाडी किंचित मंदावली, आणि ज्या रेषेवरून वळणात शिरलो होतो त्याच रेषेवरून आम्ही बाहेर पडलो. वायपर आपल्या लयीत फिरत होते. सीटची ऊब पाठीला लागत होती. हुश्श म्हणावं असा तो क्षण, पण मला एकदम एकटं वाटलं. का, ते तेव्हा कळलं नाही. पुढे एका मोकळ्या जागी गाडी उभी करून काचेवरून ओघळणारे थेंब बघत मी बराच वेळ बसून राहिले.

त्याच वळणावर दीड वर्षापूर्वी मी हेच केलं होतं. तेव्हा मुद्दाम नाही, घाबरून.

कामानिमित्त दोन वर्षं श्टुटगार्टला राहत होते, तेव्हाची गोष्ट. घरमालक सत्तरी ओलांडलेले, उभा जन्म यंत्रांत हात घालण्यात गेलेला. खालच्या गॅरेजमध्ये त्यांची १९८६ ची गडद निळी ९११ कॅरेरा असायची. ३.२ लिटरचं, हवेनं थंड होणारं इंजिन, २३१ अश्वशक्ती. शनिवारी सकाळी ते तिचं तेल बघत. आधी वीसेक मिनिटं फिरवून आणायची, सपाट जागी उभी करायची आणि इंजिन बंद न करताच डिपस्टिक बाहेर काढायची. मला हे नवलाचं वाटलं, कारण बाकी गाड्यांचं तेल इंजिन बंद करून, थोडं थांबून मोजतात. ह्या गाडीत मात्र तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि इंजिन फिरत असतानाच त्या टाकीतली पातळी खरी कळते. ‘उभ्या गाडीला विचारलंत तर ती चुकीचं सांगते,’ ते म्हणाले होते. मग हातातल्या फडक्यानं पट्टी पुसून, पुन्हा आत घालून, बाहेर काढून उजेडाकडे धरत. काळपट सोनेरी तेलाची ओली खूण पट्टीवर जिथे संपते तिथे अंगठ्याचं नख टेकवत. इंजिनावरचा पंखा घोंघावत असायचा आणि गरम तेलाचा, थोडासा करपट वास गॅरेजभर पसरायचा. पुढे हाच वास मला त्या गाडीच्या हीटरमधून आला. हवा इंजिनाच्या एक्झॉस्टभोवती तापून आत यायची, त्यामुळे थंडीच्या दिवसांत ती गाडी आतून स्वतःचाच वास घेऊन बसलेली असायची.

एका एप्रिलमध्ये त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. डाव्या हातात, कारण ह्या गाडीत किल्ली स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला लावतात. पेडल वरून लोंबत नाहीत, जमिनीतून उगवल्यासारखी वर येतात, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत पाय कुठे ठेवावा हेच समजेना. स्टीअरिंगला पॉवर नाही, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. दुसरा गिअर घाईनं टाकला की दात घासल्याचा आवाज करायचा, त्याला क्षणभर वाट बघायला लावून, मग अलगद ढकलावं लागायचं. निघण्यापूर्वी त्यांनी एकच सूचना केली. ‘वळणात शिरलात की पाय उचलायचा नाही. भीती वाटली तरी नाही. भीती वाटली तर मुळीच नाही.’

बाडन-बाडनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा तो रस्ता. दुपार होती, ऊन होतं, पण झाडांच्या दाट सावलीत सकाळच्या पावसाची ओल तशीच होती. एका उजव्या वळणात वाटलं, वेग जरा जास्त झाला. आणि जगातल्या कुठल्याही माणसाचा पाय जे करील तेच माझ्या पायानं केलं. पुढच्या निमिषात बसल्या जागेखालची सतरंजी कोणीतरी बाजूला ओढावी तशी गाडीची पाठ सरकली. फार नाही, असेल वीतभर. ‘गास!’ ते एवढंच म्हणाले. जर्मनमध्ये ॲक्सिलरेटरला गासच म्हणतात. मी पाय परत ठेवला. गाडी मागच्या चाकांवर बसली, रस्ता पुन्हा पकडला, आणि वळण संपलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती. ते समोर बघत होते. दोनेक किलोमीटर गेल्यावर म्हणाले, ‘झाली आता तुमची ओळख.’

ह्या गाडीचं इंजिन चुकीच्या जागी आहे.

सगळी कथा इथून सुरू होते, आणि मला वाटतं, इथेच फिरत राहते. सहा सिलिंडरांचं धूड मागच्या आसाच्याही पलीकडे टांगलेलं. साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर. सरळ रस्त्यावर हे वरदान आहे, चाकं जमिनीला चिकटून राहतात आणि निघताना गाडी बाणासारखी सुटते. वळणात मात्र ते दोरीला बांधून गरगर फिरवलेल्या दगडासारखं वागतं. पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि त्या दगडाला सरळ जायचंच असतं. म्हणून वेग कमी करण्याची आपली उपजत इच्छा तिथे घात करते. विश्वास ठेवायचा तो अंगातल्या भीतीवर नाही, समजून घेतलेल्या गोष्टीवर.

बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. १९६३ साली फ्रँकफुर्टला गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिचं रूप बघून माणसं खुळावली. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी काढलेली ती छताची रेघ आजही तशीच ओळखू येते. पण सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरच्या टोकांना आतून ओतीव लोखंडाची वजनं बसवली होती, प्रत्येकी सुमारे ११ किलोची. नाक जमिनीवर टिकावं म्हणून. हलकी गाडी, आणि तिला स्थिर ठेवण्यासाठी तिच्यात लोखंड भरायचं! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या इंजिनिअरांची अवस्था डोळ्यांसमोर आली होती. मग १९६८ च्या उन्हाळ्यानंतर खरा उपाय आला. इंजिन पुढे आणता येईना, म्हणून त्यांनी चाकं मागे नेली. इंजिन जागच्या जागी, आणि दोन आसांमधलं अंतर ५७ मिलिमीटरनं वाढलं. एका बॅटरीच्या जागी दोन लहान बॅटऱ्या करून नाकाच्या दोन्ही कोपऱ्यांत बसवल्या. पाच-सहा सेंटिमीटर म्हणजे काय, माझ्या तीन बोटांची रुंदी. एवढ्यासाठी मागची सगळी मांडणी बदलली.

साठ वर्षांची ही वाटचाल मला अशी दिसते: एक चूक, आणि ती दुरुस्त न करता तिच्याबरोबर राहायला शिकणं. १९७२ च्या शेवटी कॅरेरा आरएस २.७ आली तिच्या पाठीवर ती छोटी उचललेली शेपटी होती, जर्मन लोक तिला बदकाची शेपटी म्हणतात. वेग वाढला की त्या सुंदर उतरत्या पाठीवरून जाणारी हवा गाडीला मागून वर उचलायची. म्हणजे जे रूप सगळ्यांना आवडलं होतं तेसुद्धा ह्या कटात सामील होतं. त्या लहानशा पट्टीनं हवा अडवली आणि पाठ खाली राहिली. शर्यतीच्या नियमासाठी ५०० गाड्या विकायच्या होत्या, बनवाव्या लागल्या १५८०.

आणि मग टर्बो. १९७४ साली पॅरिसला ती दाखवली, ३ लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, फुगवलेली मागची बाजू, पाठीवर रुंद पंख. ती मी कधी चालवलेली नाही, एकदा शेजारच्या सीटवर बसले आहे, आणि तेवढं मला पुरेसं आहे. पाय दाबला की आधी काहीच होत नाही. एक, दोन असं मनात मोजता येतं. धुराड्यातून जाणारे वायू टर्बोचं चक्र फिरवतात, ते फिरायला वेळ लागतो, आणि एकदा फिरलं की कोणीतरी दोन्ही हातांनी पाठीत ढकलावं तशी ती धाव घेते. हा धक्का सरळ रस्त्यावर आला तर हसू येतं. वळणाच्या मध्यावर आला तर माणूस घाबरून पाय उचलतो, आणि पाय उचलला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्या गाडीला विधवा करणारी म्हणत. ही दंतकथा लोक चवीनं सांगतात, मला मात्र ती ऐकताना नेहमी अस्वस्थ वाटतं. त्या नावामागे खरी घरं आहेत.

मधल्या काळात हे सगळं संपणारच होतं. १९७७ साली पोर्शेनं ९२८ काढली. इंजिन पुढे, आठ सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, सगळं योग्य जागी. हीच पुढे ९११ ची जागा घेणार असं ठरत आलं होतं. १९८१ मध्ये पीटर शुट्झ कंपनीचे प्रमुख झाले. हेल्मुट बॉट यांच्या खोलीत भिंतीवर तक्ता होता, कुठली गाडी किती वर्षं चालणार त्याच्या रेघा. ९११ ची रेघ त्याच वर्षाच्या शेवटी थांबत होती. शुट्झ स्वतःच सांगायचे की, त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्याच्या कडेपर्यंत, मग भिंतीवरून, मग दाराबाहेर ओढत नेली. मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त भावतात ते बॉट. तंत्राचे प्रमुख, ह्या इंजिनाच्या जागेचे सगळे त्रास त्यांनी भोगलेले. भिंत खराब झाली म्हणून त्यांनी काही म्हटलं नसावं. माझ्या घरमालकांची निळी गाडी त्या भिंतीवरच्या रेघेतूनच निघालेली आहे.

पुढच्या दोन पिढ्यांनी शांतपणे मोठं काम केलं. कंपनीत ९११ च्या प्रत्येक पिढीला एक क्रमांक असतो. १९८९ च्या ९६४ मध्ये चारही चाकांना शक्ती आली, पॉवर स्टीअरिंग आलं, एबीएस आलं, धक्के झेलणारे जुने पिळाचे दांडे (टॉर्शन बार) जाऊन स्प्रिंगा आल्या. १९९३ च्या ९९३ मध्ये मागची चाकं धरून ठेवणारी नवी रचना आली आणि घात करणारी ती जुनी खोड बरीचशी माणसाळली. हवेनं थंड होणारी ती शेवटची.

९९६ बद्दल मी कितीदा तरी वाद ऐकले आहेत. १९९७, पाण्यानं थंड होणारं इंजिन, आणि तळलेल्या अंड्यासारखे दिवे. आवाजाचे आणि धुराचे नियम कडक होत चालले होते. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह हवे, आणि तेवढी उष्णता नुसत्या हवेनं वाहून नेणं जमणारं नव्हतं. कंपनीकडे पैसाही नव्हता, म्हणून पुढचा भाग स्वस्तातल्या बॉक्सस्टरबरोबर वाटून घेतला. जुन्या मंडळींना हा विश्वासघात वाटला. मला कळतं त्यांचं. इंजिनाभोवती पाणी आलं की आवाजावर पांघरूण पडतं. जुन्या गाडीचा आवाज उघडा आहे, खाली खडखडाट, वर पंख्याची शीळ, आणि काटा पाच हजारांच्या पुढे गेला की कोरं मांजरपाट टराटरा फाडावं तसा. ते सगळं एका पिढीत निघून गेलं. मला वाटलं होतं, माझे घरमालक ९९६ चं नाव काढताच तोंड वाकडं करतील. ते म्हणाले, ‘तिनं घर चालवलं. दिसायला कशी होती ते काय विचारायचं?’ तेव्हापासून रस्त्यात ९९६ दिसली की मी तिच्याकडे जरा थांबून बघते.

श्टुटगार्टच्या त्सुफनहाउझन भागातल्या पोर्शेच्या संग्रहालयात मी तीनदा गेले. अगदी पहिल्या पिढीतली गाडी मी तिथे पहिल्यांदा बघितली तेव्हा धक्का बसला तो तिच्या लहानपणाचा. १६१० मिलिमीटर रुंद. २०१८ मध्ये आलेली पिढी १८५२. एक वीत आणि वर बोटभर. लांबी ४१६३ ची ४५१९ झाली, म्हणजे फरक बरोबर ३५६ चा, आणि ९११ च्या आधीच्या गाडीचा नंबर ३५६. योगायोगच, पण तिथल्या पाटीवर बघून मनात वजाबाकी केली तेव्हा उगाच छान वाटलं. वजन १०८० किलोचं दीड हजारावर गेलं. अश्वशक्ती १३० ची ३८५. आणि तरीही मागून बघितलं तर कमरेचा घाट तोच. तिथे उभ्या गाड्या चकाकत होत्या आणि कशालाच वास नव्हता. उभ्या गाडीला विचारलं की ती चुकीचं सांगते, हे मला तिथे पुन्हा आठवलं.

मी भाड्यानं घेतलेली गाडी ह्याच २०१८ नंतरच्या पिढीतली होती. त्या दिवशी पाऊस वाढल्यावर तिनं समोरच्या पडद्यावर मला सांगितलं की, रस्ता ओला आहे, ओल्या रस्त्याची सेटिंग निवडा. तिच्या पुढच्या चाकांच्या खोबणीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. चाकानं उडवलेलं पाणी आतल्या बाजूला आपटतं, त्या आवाजावरून रस्त्यावर किती पाणी आहे ते ती ओळखते. हे वाचून मी थक्क झाले होते. अजूनही होते. गाडीला कान दिले त्यांनी! मी बटण फिरवलं, आणि मग ते वळण आलं, आणि मग मी पाय काढला. माझ्या पायाच्या आणि रस्त्याच्या मधे साठ वर्षांचं शहाणपण उभं होतं: मागे नेलेली चाकं, रुंद टायर, स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक्स, आणि पाणी ऐकणारे ते कान. त्यांनी माझी चूक माझ्यापर्यंत पोचूच दिली नाही.

मला ते नको आहे का? नाही, हवं आहे. ओल्या रस्त्यावर माझ्या माणसांपैकी कोणी जात असेल तर त्यांच्याकडे नवी गाडी असावी, ह्यात मला तिळमात्र शंका नाही. पण जे गेलं ते गेल्याचं जाणवणारी मी एकटी नाही. २०१३ ची जीटी३, म्हणजे ९११ चाच शर्यतीच्या वळणाचा प्रकार, फक्त स्वयंचलित गिअरबॉक्स घेऊन आली. क्लचशिवाय, चाप दाबावा तसे गिअर, माणसापेक्षा कितीतरी वेगवान. २०१६ मध्ये त्यांनी ९११ आर काढली, ५०० अश्वशक्ती, हातानं टाकायचे सहा गिअर, आणि गाड्या फक्त ९९१. लोकांनी त्या हातोहात उचलल्या आणि मग मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन एकमेकांकडून घेतल्या. पुढच्या जीटी३ मध्ये हातानं टाकायचे गिअर परत आले. कष्ट काढून टाकले होते, माणसं ते परत मागायला आली. त्याच सुमारास शर्यतीच्या आरएसआरमध्ये इंजिन अखेर मागच्या आसाच्या पुढे आणलं गेलं, जिथे ते असायला हवं होतं तिथे. रस्त्यावरच्या गाडीत मात्र ते आजही मागेच आहे. हे ज्यांनी ठरवलं त्यांना मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

२०२४ मध्ये टर्बोच्या दांड्यावरच छोटी विजेची मोटर बसवून ते चक्र आधीच फिरवून ठेवायची सोय झाली. पॅरिसच्या त्या पहिल्या टर्बोनंतर बरोबर ५० वर्षांनी ते ‘एक, दोन’ मोजणं संपलं. त्याच वर्षी मधला मोठा काट्याचा आरपीएम मीटर जाऊन तिथे पडदा आला.

श्टुटगार्ट सोडायच्या आदल्या रविवारी घरमालक मला पुन्हा त्या रस्त्यावर घेऊन गेले. भाड्याच्या गाडीची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. ते ऐकून ‘चांगलं आहे, चांगलं आहे’ एवढंच म्हणाले होते. ह्या वेळी गाडी ते चालवत होते. नोव्हेंबर होता, हीटरचा तो वास येत होता, आणि ते त्यांच्या बायकोच्या आईबद्दल काहीतरी सांगत होते, भली मोठी गोष्ट, युद्धानंतरच्या दिवसांतली. झाडांची सावली सुरू झाली तसे ते वाक्याच्या मधेच थांबले. हात पुढे करून त्यांनी रेडिओ बंद केला. मान किंचित डावीकडे कलली. चाकांच्या आतून बारीक, वाळू चाळल्यासारखा आवाज येऊ लागला होता, मग तो जाड झाला, मग त्यात शिंतोड्यांचे फटकारे मिसळले. मी पण श्वास धरून तोच ऐकत होते. त्यांच्या उजव्या पायाच्या जुन्या तपकिरी बुटाकडे माझं लक्ष गेलं. तो होता तिथेच होता, जराही वर नाही, जराही खाली नाही.

वळण आलं आणि गेलं. काहीच झालं नाही. त्यांनी रेडिओ पुन्हा लावला आणि गोष्ट सोडली होती तिथून पुढे सांगायला लागले.